आठवीत गेलेल्या मुलाची चिनी शिकवणी: चालू ठेवायची की थांबवायची?



ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यातल्या काही घरांत सध्या एका वेगळ्याच विषयावर चर्चा चालू आहे. मूल पाचवी-सहावीत असताना कुणी सुचवले म्हणून किंवा मुलानेच हट्ट धरला म्हणून चिनी भाषेची शिकवणी लावली होती. कुणाची ऑनलाइन, कुणाची शनिवारी लोकलने ठाण्याला जाऊन. दोन-तीन वर्षे गेली. आता मूल आठवीत आले, गणित-विज्ञानाचा क्लास लागला, दहावी डोळ्यांसमोर दिसू लागली. आई म्हणते बंद करू, वडील म्हणतात एवढे पैसे घातले ते वाया जातील, आणि मुलाला कुणी विचारलेलेच नसते.

माध्यमिक शाळेत कोणती भाषा शिकायची हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. जातीमुळे ते नाकारले गेले आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने शिकली, जर्मन शिकले, पालीचा शब्दकोश तयार करण्याचे काम हाती घेतले. म्हणून आपल्या घरातले मूल एखादी भाषा सोडणार असेल तर ती 'राहून गेली' अशी सुटू नये, विचार करून सोडावी, असे आम्हांला वाटते. चालू ठेवायची असेल तर तीही विचार करूनच. या लेखात त्या विचारासाठी लागणारी माहिती देतो आहोत आणि आमचे मतही सांगतो आहोत.

आधी मुलाने आतापर्यंत काय कमावले आहे ते समजून घेऊ. चिनी म्हटले की लोक घाबरतात, पण मराठी मुलाला तिचे काही भाग सोपे जातात. तिच्यात नामाला लिंग नाही, क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. 'तो गेला, ती गेली, ते गेले' हा आपला व्याप तिथे नाही. उच्चारांतही आपल्याला एक फायदा आहे. क आणि ख, च आणि छ यांतला फरक इंग्रजी बोलणाऱ्याला महिनोन्महिने घोटावा लागतो, आपल्या मुलांना तो जन्मतःच मिळालेला असतो. त्याहून गंमत म्हणजे 'चार' मधला च आणि 'चांगला' मधला च हे मराठीत वेगळे आहेत, आणि चिनीतही जवळपास हेच दोन वेगळे ध्वनी आहेत. अडचण येते ती रोमन लिपीमुळे. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची जी पद्धत आहे तिला पिनयिन म्हणतात. इंग्रजी माध्यमातले मूल ती इंग्रजीसारखी वाचते आणि चीनच्या राजधानीला 'बीजिंग' म्हणते. खरा उच्चार 'पेइचिंग'च्या जवळचा आहे. शिक्षकाने हे देवनागरीत एकदा लिहून दाखवले तर बरेच काम हलके होते.

सुरांचा भाग मात्र कष्टाचा आहे. 'मा' हा एकच ध्वनी सपाट सुरात म्हटला तर आई, वर चढवला तर अंबाडीसारखी वनस्पती, खाली नेऊन वर आणला तर घोडा आणि झटक्यात खाली आणला तर रागावणे. लहान वयात कान हे पटकन पकडतो. अकराव्या-बाराव्या वर्षी सुरू केलेल्या मुलाच्या तोंडात सूर बसलेले असतील तर ती मोठी कमाई आहे, आणि ती सहसा पूर्ण पुसली जात नाही.

चिन्हांचे तसे नाही. चिनी लिपीत प्रत्येक चिन्ह वेगळे पाठ करावे लागते, हाताने पुन्हा पुन्हा गिरवावे लागते, आणि सराव सुटला की ते विसरते. चीनमध्ये जन्मलेले लोकसुद्धा फोनवर टाइप करून करून हाताने लिहायला विसरतात. सगळा निर्णय खरे तर इथे अडतो. चिनी भाषेची एच.एस.के. नावाची परीक्षा आहे. तिच्या अनेक वर्षे चाललेल्या सहा स्तरांच्या रचनेत पहिल्या स्तराला १५० शब्द, दुसऱ्याला ३००, तिसऱ्याला ६००, चौथ्याला १२००, पाचव्याला २५०० आणि सहाव्याला ५००० शब्द धरलेले होते. २०२१ मध्ये नऊ स्तरांची नवी रचना जाहीर झाली आणि तिच्यात सुरुवातीच्या स्तरांचे शब्द बरेच वाढले. पण अंदाज घ्यायला जुना हिशेब सोपा आहे: प्रत्येक पायरीला ओझे जवळपास दुप्पट होते.

आठवड्याला दोन तास शिकवणी, दोन-तीन वर्षे, मध्ये परीक्षा आणि सुट्ट्या. असे मूल बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तराच्या मध्ये कुठेतरी असते. या टप्प्यावर शिकवणी अचानक बंद केली तर दहावीपर्यंत हातात उरते ते नमस्कार-चमत्कार, आकडे आणि स्वतःचे नाव. चौथ्या स्तराला पोहोचलेले मूल मात्र साधा मजकूर स्वतः वाचू शकते, गोष्ट ऐकू शकते, म्हणजे शिक्षकाशिवाय भाषा जिवंत ठेवू शकते. म्हणून 'अजून किती वर्षे?' असे विचारण्यापेक्षा पालकांनी शिक्षकाला सरळ विचारावे की दहावीचे वर्ष सुरू होण्याआधी हे मूल चौथ्या स्तराच्या जवळ जाईल का. शिक्षक उत्तर टाळत असेल, 'प्रगती छान आहे' एवढेच म्हणत असेल, तर तेही एक उत्तरच आहे.

आता नोकरीबद्दल. शिकवणी लावताना बहुतेकांना हेच सांगितलेले असते की चिनी आली की नोकरी पक्की. आपल्या परिसरात चीनशी संबंध येणारे व्यवसाय आहेत हे खरे. उल्हासनगरच्या बाजारात तिकडचा माल येतो, भिवंडीच्या गोदामांत तो उतरतो, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत चिनी यंत्रे दिसतात. पण यंत्रावरची सूचना किंवा मालाचे बिल आता फोनचा कॅमेरा वाचून दाखवतो. दोन-तीन स्तरांपर्यंतच्या चिनीला बाजारात जी थोडीफार किंमत होती ती या सोयीने खाल्ली. करार समजावणारा, बोलणी करणारा, तांत्रिक मजकुराची जबाबदारी घेणारा माणूस अजून लागतो, पण तो पाचव्या-सहाव्या स्तराचा आणि सोबत हिशेब, अभियांत्रिकी किंवा कायदा येणारा. आठवीतल्या मुलाच्या शिकवणीतून थेट नोकरी निघत नाही. तसे आश्वासन देणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका.

'आता सोडली तर पुन्हा कधीच येणार नाही' ही भीतीही खरी नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चिनीची बी.ए. ऑनर्स आहे, आणि ती अगदी पहिल्या चिन्हापासून सुरू होते. बारावीनंतर सीयूईटीमार्फत प्रवेश मिळतो, केंद्रीय विद्यापीठ असल्याने आरक्षण लागू आहे आणि शुल्क खासगी क्लासच्या मानाने कमी आहे. शांतिनिकेतनमध्ये विश्वभारतीचे चीना भवन १९३७ पासून आहे. नालंदेच्या नव नालंदा महाविहारातही चिनी शिकवली जाते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले तेव्हा ते डॉक्टर झालेले होते. तिथे युद्धाच्या धामधुमीत ते भाषा शिकले, चिनी विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागले आणि १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. शिकायचे कारण पक्के असेल तर वय आडवे येत नाही.

शाळेच्या गुणांचे गणित थोडक्यात सांगतो. आपल्या बहुतेक शाळांत तिसरी भाषा म्हणून हिंदी, संस्कृत, फार तर फ्रेंच किंवा जर्मन असते. काही ठिकाणी पाली घेता येते. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनी होती, २०२० च्या अंतिम धोरणात ती नाही. तिथे कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन यांची नावे आहेत. म्हणजे चिनीचे कष्ट गुणपत्रिकेत दिसतील याची शक्यता कमी. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून महाराष्ट्रात एवढा गदारोळ झाला, शासन निर्णय निघाले आणि मागे घेतले गेले, पण त्या सगळ्या वादात मुलाला काय शिकावेसे वाटते हे कुणी विचारल्याचे आम्हांला आठवत नाही. असो.

काही कार्यकर्ते मित्र आणखी एक मुद्दा काढतात. जून २०२० मध्ये गलवानला आपले जवान शहीद झाले, मग त्यांची भाषा कशाला? सीमेवर समोरच्याचे बोलणे कळण्यासाठी चिनी जाणणारे लोक भारतीय लष्करालाच हवे असतात, एवढे उत्तर पुरे. शिवाय ही भाषा एका सरकारची मालमत्ता नाही. तैवान, सिंगापूर, मलेशिया इथले लाखो बौद्ध उपासक ती बोलतात. दोन देशांचे संबंध मात्र मुलाच्या योजनेवर परिणाम करतात हे लक्षात ठेवावे. २०२० नंतर थेट विमानसेवा पाच वर्षे बंद होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. मधल्या काळात चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी हजारो भारतीय मुले इकडे अडकून पडली होती.

आता त्या गोष्टीकडे येतो जी शिकवणीच्या जाहिरातीत कधी नसते आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. भारतातून धम्म जवळजवळ नाहीसा झाला तेव्हा आपले हजारो ग्रंथही गेले. त्यांतले कितीतरी आज फक्त चिनी भाषांतरात उरले आहेत. पाली तिपिटकातल्या दीघ, मज्झिम, संयुत्त आणि अंगुत्तर या निकायांना जुळणारे चार आगम चिनीत आहेत. चौथ्या शतकाच्या अखेरीपासून पाचव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांची भाषांतरे झाली. एकच सुत्त दोन परंपरांनी कसे जपले, काय सारखे राहिले, काय बदलले, हे पडताळता येते ते या आगमांमुळे. एकट्या ह्युएन त्संगने भारतातून परतल्यावर ७५ ग्रंथांचे भाषांतर केले.

या कामात महाराष्ट्राचा वाटा आहे, पण आपल्या विहारांत त्याची चर्चा क्वचितच होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात धर्मानंद कोसंबी पाली शिकवत. त्यांचे विद्यार्थी डॉ. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट पुढे चिनीही शिकले. 'विमुत्तिमग्ग' हा ध्यानमार्गावरचा ग्रंथ आज पूर्ण रूपात चिनी भाषांतरातच मिळतो. बापटांनी त्याची बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्गा'शी ओळीने तुलना केली आणि १९३७ मध्ये ती प्रसिद्ध केली. विनयावरच्या 'समन्तपासादिका' या अट्ठकथेच्या चिनी रूपाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी जपानी विद्वान हिराकावा यांच्यासोबत केले, ते १९७० मध्ये पुण्यातून निघाले. तेव्हा बापटांनी पंचाहत्तरी ओलांडलेली होती. पाली आणि चिनी दोन्ही जाणणारा असा मराठी माणूस आज शोधावा लागतो, आणि आपल्या समाजातून तर तो अजून पुढे यायचा आहे.

आपल्या स्वतःच्या इतिहासाची साक्षही या भाषेत आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आलेला फाहियान लिहितो की चांडाळ वस्तीबाहेर राहतात आणि नगरात येताना लाकडावर आवाज करतात, म्हणजे लोक बाजूला होतील. ह्युएन त्संग सातव्या शतकात आला. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यता केव्हा सुरू झाली हे ठरवताना या दोन्ही प्रवाशांची साक्ष तपासली आणि ती इ.स. ४०० च्या सुमारास जन्मली असा निष्कर्ष मांडला. त्यांना हे वृत्तांत इंग्रजी भाषांतरांवरून तपासावे लागले. त्या चिनी वाक्यात नेमका कोणता शब्द आहे, तो चांडाळांपुरता आहे की आणखी कुणासाठी, हे मूळ मजकूर वाचून सांगणारा आपला अभ्यासक असेल तर बाबासाहेबांनी उघडलेला शोध पुढे जाईल. हाच ह्युएन त्संग महाराष्ट्रातही आला होता. इथे शंभरावर संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याचे तो सांगतो, पुलकेशी राजाचे वर्णन करतो, आणि दाराशी दगडी हत्ती असलेल्या एका मोठ्या लेण्याविषयी लिहितो. अभ्यासक ते लेणे अजिंठ्याचे मानतात.

हे ऐकून लगेच 'मग शिकवणी चालू ठेवा' असे आम्ही म्हणणार नाही, कारण यात दोन अडचणी आहेत आणि त्या पालकांना माहीत हव्यात. पहिली म्हणजे हे ग्रंथ जुन्या चिनीत आहेत. आजची मराठी येते म्हणून कान्हेरीच्या लेण्यांतला कल्याणच्या दात्याचा शिलालेख कुणाला वाचता येत नाही, तसेच हे. दुसरी, शिकवणीत सहसा सोपी केलेली चिन्हे शिकवतात आणि ग्रंथ जुन्या, पूर्ण चिन्हांत आहेत. तैवानमध्ये मात्र पूर्ण चिन्हेच वापरात आहेत. पण कान्हेरीच्या उदाहरणापेक्षा इथे एक फरक आहे. ब्राह्मी लिपी आपल्याला नव्याने शिकावी लागते, चिनी चिन्ह मात्र दीड हजार वर्षांनंतरही पुष्कळदा तोच अर्थ सांगते. हजारभर चिन्हे पक्की असलेल्या मुलाला जुन्या ग्रंथाकडे जाणे कठीण असते, अशक्य नसते. शब्दही ओळखीचे भेटतात. बुद्धासाठी 'फो', धम्मासाठी 'फा'. पालीतल्या 'झान'चे तिथे 'छान' झाले आणि जपानात 'झेन'. मराठीतल्या 'छान'शी त्याचे काही नाते नाही, पण मुले हे विसरत नाहीत.

ज्याला धम्माच्या ग्रंथांत खरा रस आहे त्याने पाली आधी घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाली मराठीला जवळची आहे, देवनागरीत वाचता येते, आपल्याकडे शिकवणारे आहेत, आणि पालीशिवाय आगमांची तुलना करायची तरी कशाशी? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीसोबत पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. पण ज्या मुलाला चिनीच आवडते त्याच्यावर धम्माच्या नावाने पाली लादू नये. लादलेली भाषा टिकत नाही.

मग निर्णय कसा घ्यायचा? दिवाळीच्या सुट्टीत शिकवणी पूर्ण बंद ठेवा आणि मुलाला काही सांगू नका. त्या दिवसांत वही आपणहून उघडली गेली का, चिनी गाणे किंवा मालिका लावली गेली का, ते बघा. सुट्टी संपल्यावर आपल्या घराविषयी एक पान हाताने, फोन न बघता लिहायला सांगा. पान भरले तर शिकवणी चालू ठेवायला आधार आहे. वही तीन आठवडे दप्तरातच राहिली आणि पानावर चार ओळी आल्या, तर थांबवा आणि मुलाला बोल लावू नका. गणित-इंग्रजीच्या क्लासची फी आणि चिनीची फी यांतली एकच परवडत असेल तरीही थांबवा. पायाभूत विषय कच्चा ठेवून चौथी भाषा शिकण्यात अर्थ नाही. आधी घातलेले पैसे या हिशेबात धरूच नयेत, ते गेलेच आहेत.

एक गोष्ट मात्र आम्ही वारंवार पाहतो. घरात भाऊ-बहीण दोघे शिकत असतील तर मुलीची शिकवणी आधी बंद होते. कारण सांगितले जाते उशिराच्या लोकलचे, अंधाराचे, डोंबिवली स्टेशनच्या गर्दीचे. कारण खरे असेल तर तिची शिकवणी ऑनलाइन करा, वेळ बदला. वही मुलीचीच उघडी दिसत असेल आणि फी भावाची भरली जात असेल, तर तो निर्णय भाषेबद्दलचा नाही.

पुढच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. २०२२ मध्ये तिच्या नियमांत बदल करून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. म्हणजे आपल्या मुलीला परदेशात जाऊन चिनी साधनांवरून भारतातील बौद्ध इतिहास शिकायचा असेल तर ही वाट अडू शकते. त्या वर्षीचे नियम नीट वाचा. राज्य शासनाची योजना वेगळी आहे, ती स्वतंत्र बघा. तैवान सरकारची फक्त चिनी भाषा शिकण्यासाठीची 'ह्वायू' शिष्यवृत्तीही आहे, तिच्यासाठी बारावी झालेली असावी लागते. या सर्व नियमांविरुद्ध आणि त्यांच्या बाजूने काय करायचे ते विद्यार्थी संघटनांनी ठरवावे, पण आठवीतल्या मुलाच्या पालकांना ते आजच माहीत असलेले बरे.

चालू ठेवायचे ठरले तर सगळी वर्षे सारखी चालवू नका. आठवीत नेहमीप्रमाणे. नववीत शिकवणी आठवड्यातून एकदा, आणि नवे शब्द कमी करून लिहिण्याचा सराव जास्त. दहावीत शिकवणी बंद, फी बंद, पण रोज रात्री पंधरा मिनिटे जुनी चिन्हे गिरवायची. तेवढ्याने नवे काही येत नाही, असलेले जात नाही. बोर्डाची परीक्षा साधारण मार्चमध्ये संपते आणि अकरावीचे वर्ग सुरू व्हायला काही महिने लागतात. त्या उन्हाळ्यात पूर्ण चिन्हांची ओळख करून घेता येते. तैवानमधल्या सीबीटा या संस्थेने चिनी बौद्ध ग्रंथ संगणकावर आणून सर्वांसाठी मोफत ठेवले आहेत. ह्युएन त्संगने भाषांतरित केलेले हृदयसूत्र तिथे आहे. त्यात फक्त २६० चिन्हे आहेत, आणि त्यांतली बरीच पुन्हा पुन्हा येतात.